स्थळ क्रमांक एक

शनिवार, २२ ऑक्टोबर २०२२. काम: गाडीची डिक्की झाडणे.

बघण्यासारखं काहीच नाही अशी जागा जगाच्या पाठीवर नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात तो कित्येक वर्षं माझ्या पायाखाली राहत होता. म्हणजे खालच्या मजल्यावर. काल संध्याकाळच्या विमानाने खालचे भाऊजी आणि वहिनी कायमचे नाशिकला गेले. मागे माझ्या डिक्कीत राहिली वाळू, शिंपल्यांचा चुरा, तिवराच्या चिखलाचं दगडासारखं वाळलेलं ढेकूळ, एक गवती टोपी आणि मेथीच्या असंख्य काड्या. त्या काड्या अडकून व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला, म्हणून मी आता भांडी घासायच्या जुन्या ब्रशने डिक्की झाडते आहे. दिवाळी तोंडावर आहे, करंज्यांचं सारण करून ठेवलं आहे आणि मी इथे पार्किंगमध्ये ओणवी. भाऊजींनी हे पाहिलं असतं तर म्हणाले असते, "वहिनी, टाकू नका हो ते! निरनिराळ्या ठिकाणची वाळू आहे, रंग बघा." रंग एकच आहे. मी बघितला.

भाऊजी इंजिनिअर, आणि तेही पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांचे. या देशात पाऊस येतो तो लग्नघरी न बोलावलेल्या पाहुण्यासारखा, जरा टेकतो आणि निघून जातो. पण भाऊजींचं म्हणणं, "येत नाही हा पावसाचा दोष. गटार तयार पाहिजे." एका हिवाळ्यात खरंच जोराची सर आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी बाल्कनीतले कपडे ओढले, आणि हे छत्री घेऊन रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पाणी जाळीतून गटारात उतरत होतं आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून ते दाखवत होते. एक टॅक्सीवाला थांबला. त्याला वाटलं, यांना कुठे जायचं आहे. भाऊजींनी त्याला खाली उतरवलं आणि गटार दाखवलं. तो बिचारा "माशाल्ला" म्हणून गेला.

हे वेड त्यांना लागलं फ्रान्समध्ये. कंपनीने त्यांना कसल्याशा पंपाच्या प्रशिक्षणाला तिकडच्या एका खेड्यात पाठवलं होतं. खेडं म्हणजे एक पाववाला, एक चर्च आणि बाकी गाई. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी यांची सोय केलेली. शाकाहारी माणूस, उकडलेले बटाटे आणि चीज खाऊन दिवस काढत होता. तर त्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक हाताने काढलेला नकाशा लावलेला: पाहुण्यांनी गावात काय काय बघावं. एक मोडका पूल. अर्धाच मनोरा असलेलं चर्च. एक गुहा. गावाबाहेरची राई. गावातल्या बायका पूर्वी जिथे धुणी धूत तो दगडी हौद. आणि पहिल्या नंबरावर एक ओकचं झाड. भाऊजींनी सुट्टीच्या दिवशी हे सगळं पायी फिरून पाहिलं आणि परत आले ते दुसरेच माणूस होऊन. "वहिनी, धुणं धुवायचा हौद हो! त्याला पाटी! नाशकात आम्ही असल्या दगडावर बसून शेंगा खातो. आणि ती बाई मला हाताला धरून त्या झाडाशी घेऊन गेली, स्वतःच्या आजोबांची ओळख करून द्यावी तशी. मी तिथेच ठरवलं. गाव लहान-मोठं नसतं. दाखवणारा पाहिजे."

दाखवायला त्यांनी सुरुवात केली ती आमच्या गल्लीपासून. स्थळ क्रमांक एक: इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटमधलं बोरीचं झाड. इथले लोक त्याला सिदर म्हणतात, पण बोर ती बोरच. इथल्या मराठी मंडळातल्या बाळांच्या बोरनहाणाला आम्ही त्याच झाडाची बोरं वापरतो. भारतातून येणाऱ्या बोरांची भाजीवाल्याकडे वाट बघत बसावं लागत नाही. क्रमांक दोन: कोपऱ्यावरची कडक चहाची टपरी. क्रमांक तीन: गटाराचं एक लोखंडी झाकण, जे भाऊजींच्या मते या भागातलं सर्वांत जुनं. त्या झाकणावर कोणी गाडी उभी केली की ते स्वतः खाली जाऊन मालकाला शोधत आणि सांगत, "ऐतिहासिक वास्तू आहे, यल्ला, चला, जरा पुढे घ्या."

मग शुक्रवारच्या सहली सुरू झाल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर गुरुवारी एकच निरोप यायचा: "सहा म्हणजे सहा. टोपी, पाणी. तक्रारी घरी ठेवाव्यात." पुण्या-नाशिककडची कुटुंबं, रत्नागिरीची दोन-तीन मुस्लिम घरं, असे आम्ही चार-पाच गाड्यांनी निघायचो. पहिली सहल उत्तरेच्या झुबाराच्या किल्ल्याची. आमची मराठी माणसं किल्ला म्हटल्यावर जे करतात तेच सगळ्यांनी केलं: ट्रेकिंगचे बूट, काठ्या, पाठीवर सॅक, गुडघ्याला क्रेप बँडेज. पोचल्यावर सगळे मान वर करून डोंगर शोधायला लागले. किल्ला समोर होता. सपाट वाळवंटात, पार्किंगपासून पन्नास पावलांवर, चार बुरूज आणि मध्ये अंगण. रत्नागिरीचे एक काका म्हणाले, "अरे, ह्यो किल्लो? आमच्याकडं ह्याच्यापेक्षा मोठो मासळी बाजार हाय."

भाऊजी अजिबात डगमगले नाहीत. "हा भुईकोट आहे," ते म्हणाले. "आणि किल्ल्यात गाडीतून उतरून असं दोन पावलांत शिरायचं नसतं. त्याचा मान असतो. सगळ्यांनी गाड्या मागे घ्या." आणि खरोखर आम्ही गाड्या अर्धा किलोमीटर मागे नेऊन लावल्या आणि तिथून चालत आलो, तेही सरळ नाही. भाऊजी पुढे राहून आम्हाला डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं वळणावळणाने नेत होते, कारण गडाची वाट नागमोडी असते. दारातल्या सुदानी रखवालदाराने ही नागमोडी वरात शांतपणे पाहिली. आत शिरण्याआधी भाऊजींनी वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, वाऱ्याने ती त्यांच्याच डोळ्यांत गेली, आणि तो इतिहासप्रसिद्ध भुईकोट त्यांनी एका डोळ्याने पाहिला. चोरदरवाजा मात्र दोन्ही डोळे मिटून शोधला असता तरी सापडला नसता. भिंती चाचपून झाल्यावर ते म्हणाले, "नाहीच आहे. प्रामाणिक माणसं होती." मग बुरुजाच्या सावलीत पिठलं-भाकरी, आणि रखवालदारालाही एक भाकरी. पुढे कधीही गेलो की तो लांबूनच ओळखायचा, कारण पार्किंग रिकामं असताना वाळवंटात वळणं घेत येणारी माणसं दुसरी कोण असणार?

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. प्रत्येक ठिकाणी तिचं एकच वाक्य: "आई, इट्स जस्ट अ वॉल." भाऊजींना हे वाक्य फार आवडायचं. ते तिच्याशेजारी उभे राहायचे, भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "करेक्ट. आता भिंतीला काय काय माहीत असेल ते सांग." ती डोळे फिरवायची. पण अल जस्सासियाच्या खडकांवर, जिथे कुणीतरी कधीतरी दोन-दोन ओळींत वाट्यांसारखे खळगे कोरून ठेवले आहेत, तिथे मात्र गंमत झाली. ते खळगे कशासाठी, हे तज्ज्ञांनाही नक्की सांगता येत नाही म्हणतात. भाऊजींना पाच मिनिटांत कळलं. "हा तर मंकळा! आपल्याकडे किल्ल्यांवर पायऱ्यांशी कोरलेला असतो, पहारेकरी खेळायचे." खडकाला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी बाजूला वाळूत तसेच खळगे केले, सगळ्यांना खजूर खायला लावून बिया गोळा केल्या आणि मुलीला खेळायला बसवलं. ती जिंकली. दुसऱ्यांदाही जिंकली. ऊन चढलं, मी हाका मारते आहे, आणि ती म्हणते, "आई, वेट ना, काका इज लूझिंग."

निसर्गाच्या बाबतीत माझं आणि भाऊजींचं जमणं अवघड होतं. मी अलिबागकडची. अल ठाकिराच्या खाडीतली तिवरं बघायला पहाटे उठून तासभर गाडी हाकायची, हे मला पटेना. आमच्या गावी तिवरांत कोणी सहलीला जात नाही, खेकडे धरायला जातात. मी सांगितलं, "भाऊजी, पुढे जाऊ नका, ओहोटी आहे, पाय रुतेल." ते म्हणाले, "वहिनी, निसर्गावर विश्वास ठेवा." आणि गुडघ्यापर्यंत गेले. आम्ही तिघांनी ओढून काढलं. चप्पल आतच राहिली. त्यांनी त्या जागेकडे समाधानाने पाहिलं. "आता हजार वर्षांनी कुणाला तरी सापडेल." दुसऱ्या हिवाळ्यात त्याच खाडीवर त्यांनी आम्हा सगळ्यांना दुर्बिणीतून रोहित पक्षी दाखवला. गुलाबी, एकटा, पाण्यात स्तब्ध उभा. आम्ही आळीपाळीने पाहिला, फोटो काढले, भारतात पाठवले. वारा सुटल्यावर तो उडाला आणि आमच्याच गाडीच्या काचेवर येऊन बसला. सुपरमार्केटची पिशवी होती. "पण उभी कशी होती एका पायावर!" भाऊजी म्हणाले. पिशवी घडी करून खिशात ठेवली. कचरा कुठेही टाकायचा नाही हा त्यांचा नियम होता, तो पक्ष्यांनाही लागू.

आणि या सगळ्या काळात खालच्या वहिनी कुठे होत्या? गाडीत. त्या प्रत्येक सहलीला आल्या आणि एकाही ठिकाणी उतरल्या नाहीत. आपल्या सीटवर, एसी चालू, मांडीवर वर्तमानपत्र आणि त्यावर मेथीची जुडी. कतारमधल्या प्रत्येक ऐतिहासिक स्थळी वहिनींनी मेथी निवडलेली आहे. मी कधी विचारलंच तर म्हणायच्या, "अगं, मी लग्नानंतर याच्याबरोबर पहिल्यांदा फिरायला गेले ते धरणाच्या सांडव्याला. तेव्हाच ठरवलं, हा बघून येईल, मला सांगेल. त्यात निम्मा वेळ वाचतो." परतीच्या वाटेवर भाऊजी मागे वळून त्यांना सगळं सांगायचे, अगदी बुरुजांच्या उंचीसकट, आणि त्या "हं, हं" करत मेथीचे देठ खिडकीशी ठेवायचे. ते देठ माझ्या डिक्कीत कसे आले, ते आता सांगते.

गेल्या वर्षभरात फुटबॉलच्या विश्वचषकाने सगळं फिरवलं. रस्ते खणले, पुरले, पुन्हा खणले. जिथे-तिथे झेंडे, उलट मोजणारी घड्याळं. शुक्रवारी लोक नवीन मैदानं बघायला जाऊ लागले. कुणी तिकिटांसाठी पहाटेपासून मोबाईल धरून बसलेले, कुणी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला. चार-पाच गाड्यांच्या दोन झाल्या, मग एक. भाऊजी निरोप पाठवत राहिले, "सहा म्हणजे सहा," आणि खाली अंगठ्यांची रांग लागायची, पण सहाला कोणी नसायचं. ते मात्र वर्षभर एकाच आनंदात होते. "वहिनी, सगळं जग इथे येणार! एवढी माणसं! यांना मॅच नसेल त्या दिवशी कोण फिरवणार?" त्यांनी स्वतःपुरतं ठरवूनही टाकलं होतं. रजा घ्यायची, बोरीच्या झाडाखाली उभं राहायचं, दिसेल त्या पाहुण्याला धरायचं. मेक्सिकोचा असो की सेनेगलचा. वळणावळणाने किल्ल्यावर न्यायचं.

आणि सप्टेंबरमध्ये त्यांचं गटार पूर्ण झालं. वेळेत, उत्तम. काम पूर्ण झालं म्हणजे माणूसही पूर्ण झाला, नोकरी संपते आणि व्हिसाही, हा इथला नियम सगळ्यांना माहीत असतो; फक्त तो स्पर्धेच्या महिनाभर आधी लागू होईल असं भाऊजींना वाटलं नव्हतं. घरमालकाला फ्लॅट फुटबॉलच्या पाहुण्यांना द्यायचा होता, त्यामुळे थोडे दिवस रेंगाळायचीही सोय नाही. खलास. सोफा गेला, फ्रीज गेला, आणि शेवटी गाडीही विकली. परवा गुरुवारी ते वर आले. हातात टोपी. माझ्या घरी येताना त्यांनी टोपी हातात धरलेली मी कधी पाहिली नव्हती.

"वहिनी, उद्या संध्याकाळी निघतो. सकाळ मोकळी आहे. अल जुमैल राहिलंय."

"काय आहे तिथे?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "सोडलेलं गाव आहे."

माझं तेल तापायचं होतं, भाजणी मळायची होती, आमचे हे ड्युटीवर. मी म्हटलं, "सहा म्हणजे सहा. अकराला परत. मला चकल्या आहेत."

तिघेच गेलो. खालच्या वहिनींनी सवयीप्रमाणे मेथी घेतली होती. नाशिकला जाणारा माणूस शेवटच्या दिवशी मेथी कशाला निवडतो, देव जाणे. गाव समुद्राला लागून आहे. कोळ्यांची वस्ती होती, लोक कधीचे उठून शहराकडे गेले. दगड-मातीच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत, मशिदीचा एक मिनार आहे आणि पलीकडे निळं, उथळ पाणी. मी गाडी सावली बघून लावायला लागले, तर भाऊजी नुसते बघत राहिले. गाडी मागे घ्या, वळणाने चला, काही नाही. सरळ उतरले आणि चालू लागले. आणि माझ्या मागचं दार उघडल्याचा आवाज आला. वहिनी खाली उतरल्या होत्या. पदर खोचला, मेथी वर्तमानपत्रासकट डिक्कीत टाकली आणि म्हणाल्या, "पाय आखडले."

पाय इतकी वर्षं आखडले नव्हते.

त्या एका घरात शिरल्या, दोन भिंतींच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि इकडे-तिकडे बघून म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर." भाऊजी म्हणाले, "कशावरून?" "वारा बघ ना कुठून येतोय. धूर त्या बाजूला जाणार. मी असते तर चूल इथेच मांडली असती." मग त्या कोपऱ्यातल्या भिंतीवरून हात फिरवत विचारू लागल्या, "अरे, ही माणसं निघाली तेव्हा काय काय घेऊन गेली असतील?"

एरवी या प्रश्नावर भाऊजी तासभर बोलले असते. ते म्हणाले, "दारं. दारं आणि छपराची लाकडं. इथे झाड नाही, लाकूड लांबून जहाजाने यायचं. ते कोण सोडेल? भिंती तेवढ्या ठेवल्या."

"आणि आपण पडदेसुद्धा नेत नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाशकाच्या खिडक्या लहान आहेत."

"हो, तेही आहे."

मग दोघंही जरा वेळ त्या बिनछपराच्या स्वयंपाकघरात उभे राहिले, जणू भाड्याने बघायला आले आहेत आणि जागा आवडली आहे. मी बाहेर जाऊन भाकऱ्यांचा डबा काढला. भाऊजी मागोमाग आले आणि भिंतीवर बसले.

"वहिनी, एक गोष्ट लागते हो मनाला. सगळं जग येणार. चार आठवडे राहणार. मैदान बघतील, हॉटेल बघतील, आणि घरी जाऊन सांगतील की तिथे काय, नुसती वाळू. आणि दाखवणारा नाशकात."

"नाशिकला दाखवा की. तिथे तर पावलोपावली आहे. लेणी आहेत, किल्ले आहेत, नदी आहे."

"तेच तर," ते म्हणाले. "तिथे आहेच. माझी काय गरज?"

मी म्हटलं, "जेवून घ्या. भाकऱ्या गार होतायत." वहिनींनी त्यांच्या ताटलीत पिठलं वाढलं आणि त्या स्वतः सांगू लागल्या, की चूल कुठे, पाण्याचे रांजण कुठे, बाळाला झोपवायचं कुठे. ते "हं, हं" करत ऐकत होते. परतताना दोघंही मागच्या सीटवर बसले. मी ड्रायव्हरसारखी पुढे. अकराला घरी पोचलो, चकल्या झाल्या, एक डबा त्यांच्या सामानात दिला. संध्याकाळी टॅक्सीत बसताना त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. रविवारी सकाळी मालकाचा माणूस येईल, त्याला द्या म्हणाले. टॅक्सी निघाली ती सरळ नाही गेली. कोपऱ्यावर थांबली, मागे आली, आणि त्या जुन्या झाकणाला वळसा घालून गेली. ड्रायव्हरला काय सांगितलं असेल, याची मी कल्पना करू शकते.

तर डिक्की झाडून झाली. वाळू कुंडीत टाकली, ढेकूळ फेकलं, मेथी वाया जाऊ नये म्हणून जी हिरवी होती तिचे ठेपले केले. टोपी तेवढी राहिली.

रविवार, २३ ऑक्टोबर. काम: किल्ल्या देणे. सकाळी मी ऑफिसला निघण्याआधी खाली गेले. मालकाचा माणूस गाद्या घेऊन आला होता. मल्याळी, घाईत, फोन कानाला. तो खोल्यांतून चादरी टाकत होता तोवर मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि दारामागे, पाहुण्यांना चहा करताना समोर दिसेल अशा उंचीवर, एक कागद चिकटवला. काल रात्री मुलीने काढून दिलेला नकाशा. तिने इंग्रजीत नावं लिहिली, बाण काढले, झुबाराची वाट मुद्दाम नागमोडी काढली, आणि अल जुमैलपाशी, माझ्याकडून वहिनींची गोष्ट ऐकून, काढ म्हणून कोणी न सांगता, एक छोटी चूल. खाली सूचना: निघणे सहा वाजता. टोपी, पाणी. तक्रारी घरी ठेवाव्यात. शेजारच्या खिळ्याला मी टोपी अडकवली.

तो माणूस येऊन नकाशासमोर उभा राहिला. वरपासून खालपर्यंत वाचला.

"मॅडम, नंबर वन पे झाड है. स्टेडियम किधर है?"

"वो उनको मिल जाएगा," मी म्हटलं. त्याच्या हातात किल्ल्या दिल्या आणि ऑफिसला गेले.